मागेल त्याला सौर कृषी पंप: एचपी एकरांवर, पाणी मात्र खोलीवर

विहिरीचं पाणी साठ-सत्तर फुटांवर, दोन एकर बागायत आणि शिवारात लाइनचा पत्ता नाही, अशी स्थिती असेल तर बिनधास्त अर्ज करा. अडीचशे फुटांखाली गेलेली बोअर आणि दोन एकरांचा सातबारा असेल तर आधी वही-पेन घ्या. महावितरणच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत पैशापेक्षा पाण्याचा हिशेब जास्त चुकतो.

पैशाची बाजू खरोखर चांगली आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के भरायचे. बाकी केंद्र आणि राज्य. अडचण क्षमतेच्या नियमात आहे. 2.5 एकरांपर्यंत 3 एचपी, 2.51 ते 5 एकरांना 5 एचपी, त्यापुढे 7.5 एचपी. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो, मोठा नाही. नियोजन करणाऱ्याला क्षेत्र सातबाऱ्यावर आयतं मिळतं, म्हणून नियम क्षेत्रावर बेतला. पाण्याची खोली सातबाऱ्यावर नसते.

फरक किती पडतो ते बघा. केंद्राच्या मापदंडांनुसार 3000 वॅट पॅनलच्या 3 एचपी डीसी पंपाने दिवसाला 30 मीटर हेडवर (हेड म्हणजे पाणी एकूण जितकं वर चढवायचं ती उंची) 1 लाख 14 हजार लिटर, 50 मीटरवर 69 हजार आणि 70 मीटरवर 45 हजार लिटर पाणी द्यायचं असतं. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण 1 लाख लिटर. म्हणजे साध्या विहिरीवर रोज एक एकर भिजेल, खोल बोअरवर तेवढ्यालाच दोन दिवसांहून जास्त लागतील. तिथे ठिबकशिवाय भागत नाही. शिवाय हे आकडे निरभ्र आकाशाचे आणि पॅनल दिवसातून तीनदा सूर्याकडे वळवल्याचे आहेत. पॅनल वळवतो कोण?

म्हणून सगळा जीव स्थळ पाहणीत आहे. पैसे भरून पुरवठादार निवडला की संयुक्त पाहणी होते आणि त्यात लिहिलेल्या हेडप्रमाणे पंप येतो. पाहणी सप्टेंबरात असेल तर विहीर काठोकाठ दिसते. लिहून घ्यायची ती मेमधली पातळी. त्यात पाणी जिथे सोडायचं तिथला चढ आणि पाइपातलं घर्षण धरा. 30 मीटरचा पंप 60 मीटरवर टाकला की मोटर फिरते, पॅनलची वीज मोटरला देणारा कंट्रोलर चालू दाखवतो आणि पाइपातून हवा येते. मग तक्रार ‘पंप खराब’ अशी जाते, आणि तपासणीत पंप चांगला निघतो. 2 इंची पाइप लांबवर ओढला तरी थोडाफार हाच प्रकार.

कागदपत्रांत सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद नसणं आणि सामायिक खात्यात भावांचं ना हरकत नसणं, या दोन गोष्टींवर अर्ज अडकतो. अर्जाआधी तलाठ्याकडून नोंद करून घ्या. पारंपरिक वीजजोडणी असलेल्यांसाठी ही योजना नाही, आणि त्यांनी हळहळूही नये: 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल 2024 पासून बळीराजा योजनेत सरकार भरतंय.

सरकारचा एवढा आग्रह का, तेही समजून घ्यावं. 1960 मध्ये स्थापन झालेल्या वीज मंडळाच्या 2005 मध्ये कंपन्या झाल्या, पण शेतीचा लोड वाटून देण्याची कसरत सुटली नाही. पंपाला लागणारी थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. स्वतंत्र सौर पंपाला खांब नको, डीपी (ट्रान्सफॉर्मर) नको. गळती नाही, थकबाकी नाही. दुसरी वाट सौर कृषी वाहिनीची: उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून अख्ख्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या पूर्ण लाइनला, दिवसा वीज. नियोजन म्हणून ही दुसरी वाट जास्त शहाणपणाची वाटते, कारण पंप बंद असताना तिथली वीज इतरांच्या कामी येते. शेतातल्या पॅनलची वीज पंप बंद झाला की वायाच. ज्वारी काढल्यावर दोन-तीन महिने ते पॅनल नुसतं ऊन खात उभं असतं. कंट्रोलर युनिव्हर्सल प्रकारचा असेल तरच त्यावर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते.

वापरात त्रास होतो तो सावलीचा. पॅनल एका ओळीत सिरीजमध्ये जोडलेले असतात. बांधावरच्या बाभळीची सावली एकाच पॅनलवर पडली तरी पूर्ण ओळीचा करंट बसतो. धुवायचं सकाळी लवकर, साध्या पाण्याने. तापल्या काचेवर गार पाणी नको, आणि क्षारांच्या बोअरच्या पाण्याने पांढरा थर चढतो. बॅटरी नाही, त्यामुळे पावसाने ओढ दिलेली पण आभाळ भरलेलं, असे जुलैचे दिवस सगळ्यात वाईट. शेततळं असेल तर निभावतं.

बसवून झाल्यावर सही करण्याआधी अर्थिंगचे खड्डे आणि वीजरोधक (आभाळातली वीज जमिनीत उतरवणारा दांडा) खरोखर जोडलेत का, हे तार कुठे जाते ते बघत तपासा. नुसता दांडा उभा करून गेलेले सापडतात. पॅनल, मोटर आणि कंट्रोलर तिन्हींच्या अनुक्रमांकांचे फोटो काढून ठेवा. पाच वर्षांची दुरुस्ती हमी आणि चोरी-नुकसानीचा विमा मागताना तेच क्रमांक लागतात.