यूपीआय की एम-पेसा? सराफ्यातून एक मत

रात्री दहानंतर इंदूरच्या सराफ्यात सोन्याची दुकानं मिटतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढया चढतात. परवा गराडूवाले काका वरून जिरावण मसाला भुरभुरवत होते, तेवढ्यात बाजूचा यूपीआयचा डबा बोलला, "साठ रुपये प्राप्त हुए." काकांनी मानसुद्धा वर केली नाही.

केनियात एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सेवा, 2007 मध्येच आलं, आपलं यूपीआय 2016 चं. तिथे बँक खात्याची गरजच नाही. साधा फोन आणि नाक्यावरचा एजंट पुरे. गावाकडे आईला पैसे धाडायला सोय मोठी. पण ती वाट सफारीकॉम या एकाच कंपनीची, आणि बहुतेक व्यवहारांवर शुल्क कापलं जातं.

यूपीआय बँकांना जोडतं. ॲप तुमचं कुठलंही, दुकानदाराचं कुठलंही. शिवाय 2020 पासून खात्यातून आलेल्या पैशांवर दुकानदाराला शुल्क नाही. साठ रुपयांच्या प्लेटमधून रुपयाही कापला न जाणं म्हणजे काय, ते काकांना विचारा! माझं मत यूपीआयलाच.

आता, त्याच रात्री माझ्या बँकेचा सर्व्हर झोपला, ही गोष्ट वेगळी. सोबत आलेल्या माझ्या आईने मुकाट्याने बटव्यातून शंभराची नोट काढली.