‘अस्सल वाइनचं’ चित्र आणि कधीच न बदलणारा लाल रंग

‘शंभर टक्के रेड वाइन, रंग आयुष्यभर टिकेल’ अशी जाहिरात पाहून मागवलेलं, रंगांऐवजी वाइनने रंगवल्याचा दावा असलेलं चित्र खोटं निघालं. ए-4 आकाराची द्राक्षवेल आणि सोबत 30 मिली ‘वाइन शाई’, मिळून 2,800 रुपये. आठ महिने खिडकीशेजारी टांगूनही किरमिजी रंग पहिल्या दिवसासारखाच तजेलदार. फसवणूक नेमकी तिथेच उघडी पडते.

रेड वाइनला रंग येतो तो अँथोसायनिन द्रव्यांमुळे. ती आम्लात लाल दिसतात, आम्लता घटली की जांभळी-निळसर होतात. वाइनचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 3.3 ते 3.8 असतो, पण जलरंगाच्या बऱ्याच कागदांत आम्लता घटवणारं कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं. म्हणून कागदावर ओला असताना लाल दिसणारा वाइनचा हात (थर) वाळता वाळता राखाडी-जांभळा होतो. पुढे हवा आणि उजेड लागून तो हळूहळू तपकिरीकडे जातो, जुन्या चहाच्या डागासारखा. वाइनने काम करणारे चित्रकार हा बदल धरूनच चित्र रचतात. त्यातच या माध्यमाची गंमत आहे. ‘कायम लाल’ म्हणणारा विक्रेता एकतर खोटं बोलतोय, नाहीतर त्याने वरून रंग घातलाय.

घरी तपासायला पाव चमचा खाण्याचा सोडा दोन चमचे पाण्यात विरघळवा. शाईचा ठिपका पांढऱ्या कागदावर वाळू द्या आणि त्यावर सोड्याचा एक थेंब सोडा. वाइन असेल तर ठिपका निळसर, हिरवट किंवा राखाडी होतो. या बाटलीतली शाई ढिम्म लालच राहिली, म्हणजे तो रंग वाइनचा नाही. मात्र ठिपका बदलला म्हणून वाइन सिद्ध होत नाही. जांभूळ आणि कोकमाचा रसही असाच पालटतो. चित्रावर हा प्रयोग करायचाच तर फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर, टाचणीच्या टोकाएवढाच.

रंगाच्या गडदपणावरूनही ओळखता येतं. ड्राय, म्हणजे जवळपास साखर नसलेल्या, रेड वाइनमधलं पाणी आणि अल्कोहोल उडून गेलं की लिटरमागे साधारण 25 ते 30 ग्रॅम सुका अंश उरतो, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत जेमतेम 20 ग्रॅम. न आटवलेल्या वाइनचा पहिला हात फिकाच बसतो. गडद छटेसाठी प्रत्येक हात वाळवत चार-पाच हात द्यावे लागतात, आणि त्या थरांच्या कडा चित्रात दिसतात. एकाच फटकाऱ्यात सपाट, दाट किरमिजी रंग दिसला तर सावध व्हा.

काही जण पोर्ट ही स्वस्त गोड वाइन आटवून विकतात. ती साखरेमुळे नीट वाळतच नाही, पावसाळ्यात काचेला चिकटते आणि मुंग्या येतात.

शाई स्वतः करणं अवघड नाही. 750 मिली ड्राय वाइन पसरट स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर, उकळी न आणता, 100 मिलीपर्यंत आटवा. खिडक्या उघड्या ठेवा, अल्कोहोलची वाफ पेट घेते. लोखंडी कढई नको. वाइनमधलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाला लागून शाई काळवंडते. फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर बुरशी धरते.

मागवलेलं पाकीट फोडताना व्हिडिओ काढा, सोड्याच्या ठिपक्याचा फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. खरेदी ऑनलाइन बाजारातून असेल तर आधी त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा: 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा 2020 चा नियम आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.