इस्ट्राडिऑल जेलचे आठ महिने: झोप परतली, नावे अजून अडतात

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात मी 26 वर्षे पट्ट्या, म्हणजे शेतमालाच्या विक्रीचे हिशेब, लिहिते आहे. पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती आणि ऐन हळदीच्या सौद्यांत ओळखीच्या शेतकऱ्याचे नाव जिभेवर येईना, तेव्हा घाबरून मी मिरजेला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. गरमीचे झटके आणि रात्री घामाने तीन-तीनदा जाग येणे, हे मी त्यांना शेवटी, जाता जाता सांगितले.

मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि रक्तदाब पाहून त्यांनी दंडावर लावायचे इस्ट्राडिऑलचे, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या एका प्रकाराचे, जेल आणि रात्रीसाठी मायक्रोनाइज्ड (बारीक कणांच्या) प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली. गर्भाशय असताना नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास त्याचे अस्तर वाढते आणि प्रोजेस्टेरॉन ते रोखते, म्हणून ही जोडी. स्मरणशक्तीसाठी हे औषध नाही, असे त्यांनी बजावले होते. मी ते ऐकले, पण मानले नाही.

झटके दीड महिन्यात ओसरले आणि झोप सलग लागू लागली; त्यात कॅप्सूलच्या गुंगीचाही वाटा असावा. सुरुवातीला अधूनमधून डाग दिसले, छाती दुखरी झाली. जेल वाळून दंड झाकेपर्यंत नातवाला कडेवर घेता येत नाही, कारण ते त्याच्या त्वचेला लागू शकते, ही गोष्ट मात्र मला पत्रकातल्या बारीक अक्षरांतून कळली.

पट्टीतल्या बेरजा आता पहिल्यासारख्या चुकत नाहीत, पण नावे अजून अडतात. सुधारणेचे श्रेय मी झोपेला देते. नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या ‘कीप्स’ अभ्यासातही चार वर्षांच्या हार्मोन उपचाराने बुद्धी सुधारली नाही, बिघडलीही नाही.

‘आईंनाही लावा की ते,’ असे जाऊबाईंनी सुचवले, कारण 74 वर्षांच्या सासूबाई हल्ली फार विसरतात. डॉक्टरांनी साफ नकार दिला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 65 वर्षांपुढील ज्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिनची (प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम हार्मोनची) एकत्रित गोळी दिली गेली, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला 22 ऐवजी 45 आढळले होते. ती औषधे माझ्याहून वेगळी होती खरी, पण तेवढ्यावर उतारवयात प्रयोग करावा असे मलाही वाटले नाही. सासूबाईंच्या रक्तात बी-12 कमी निघाले, त्याची इंजेक्शने चालू आहेत. माझे जेल वार्षिक तपासणीपर्यंत तरी चालू राहील, तेही झोपेसाठी.