राजीनामा द्यायचा की कपातीचं पत्र मागायचं? दोन्ही वाटांचा हिशेब

गेल्या महिन्यात रात्री नऊला शेजारचा एक जोडारी (माग दुरुस्त करणारा कामगार) कागद घेऊन आला. टॉवेल कारखान्यात त्याला नऊ वर्षं झाली होती. कागदावर टाइप केलेलं होतं, "घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे." खाली सहीची जागा. तारखेची जागा मात्र कोरी सोडलेली.

"काका, मालक म्हणतेत सही करून टाक, उद्या हिशेब देतो. करू का?"

त्याच्या घरात अडचण कसलीच नव्हती. ऑर्डर कमी झाल्या म्हणून कारखान्यातले आठ माग बंद होते, एवढंच. मी बारा वर्षं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टाइमकीपर, म्हणजे हजेरी नोंदवणारा, होतो. माझ्यापुढेही एकदा असाच कागद आला होता आणि मी न वाचता सही केली होती. त्या सहीनं काय काय गेलं ते मला फार उशिरा कळलं. म्हणून त्या रात्री आम्ही वहीत दोन रकाने आखून बसलो.

त्याचा पगार १३,०००, म्हणजे २६ दिवसांनी रोज ५०० रुपये. राजीनाम्याच्या रकान्यात आली ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पूर्ण झाली की ती राजीनामा दिला तरी मिळते. वर्षाला १५ दिवसांचा पगार धरून नऊ वर्षांचे ६७,५००. त्यात झालेल्या दिवसांचा पगार आणि शिल्लक रजा धरा. तो रकाना तिथंच संपला.

कपात म्हणजे काम नाही म्हणून मालकानंच माणूस कमी करणं. तिच्या रकान्यात हे सगळं आहेच. शिवाय वर्षभरात २४० दिवस भरलेले असले की एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, म्हणजे १३,०००. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून. इथं महिन्याच्या पगाराचा निम्मा, म्हणजे ६,५०० धरतात, म्हणून आणखी ५८,५००. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही भरपाईचं हे गणित कायम आहे. उलट कपात झालेल्याच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार जमा करण्याची तरतूद आली आहे. आणि हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा ही सक्ती राजीनामा आणि कपात दोन्हींना सारखीच आहे. त्यामुळे "सही कर, मग लगेच पैसे" यात मालकाचे उपकार काही नाहीत.

बेकारी भत्त्याचा भाग याच्यापुढे सुरू होतो. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल (पगाराची मर्यादा २१,०००, कामगाराचा वाटा पाऊण टक्का) तर दोन योजना आहेत, आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के मिळतात, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. आमच्या जोडाऱ्याला २५० रुपये रोजानं २२,५०० होतात. त्यासाठी विमा असलेली नोकरी किमान दोन वर्षं झालेली हवी. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात ७८ दिवस भरलेले हवेत, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळात आणखी ७८. वर्गणी काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे मोजतात. बेकारीचे ३० दिवस झाले की अर्ज स्वतःच्या लॉगिनमधून ऑनलाइन करता येतो, मालकाच्या शिफारशीसाठी अडत नाही. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात एकदा विचारून घ्या.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना जुनी, २००५ची, आणि पुष्कळ मोठी. पहिले १२ महिने पगाराच्या निम्मे, पुढचे १२ महिने पाव. त्याच जोडाऱ्याच्या हिशेबानं दोन वर्षांत १,३६,८७५ रुपये. त्या काळात त्याच्यावर आणि कुटुंबावर ईएसआयचे उपचारही चालू राहतात. घरात बीपी-शुगरचं माणूस असेल तर ही गोष्ट पैशाएवढीच मोलाची आहे. पण दार अरुंद आहे: कायद्यानं केलेली कपात, कारखाना बंद होणं, किंवा कामाबाहेरच्या दुखापतीनं आलेलं किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व. विम्याची दोन वर्षं इथंही लागतात.

स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला दोन्हीकडे जागा नाही. गैरवर्तनासाठी काढलेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, निवृत्तीचं वय झालेला, बेकायदा संपात गेलेला, हेही बाहेर. म्हणजे तुमची नोकरी खरोखर कशानं गेली यापेक्षा कागद काय म्हणतो याला वजन आहे.

आणि कागद म्हणजे फक्त पत्र नव्हे. दर महिन्याला ईएसआयची वर्गणी भरताना ज्याचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं. त्या यादीत 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) वेगळं, 'रिट्रेंचमेंट' (कपात) वेगळं, 'नो वर्क' (काम नाही) वेगळं. महिनाअखेरीच्या घाईत 'लेफ्ट सर्व्हिस' टाकून मोकळे होणारे क्लार्क मी पाहिलेत. त्यांच्या मनात वाईट नसतं, पण त्या एका क्लिकवर माणसाचा दोन वर्षांचा भत्ता अडकतो. पत्र घेतानाच क्लार्कला नीट सांगा की कारण तेच टाका.

सगळ्यात धोक्याची वाट तिसरीच आहे: "उद्यापासून येऊ नको," तोंडी. तुम्ही घरी बसता, आणि महिन्यानं रेकॉर्डवर तुम्ही न सांगता येणं बंद केलेलं असतं. असं झालं तर त्याच आठवड्यात मालकाला स्पीड पोस्टानं दोन ओळी पाठवा: मी कामावर यायला तयार आहे, अमुक तारखेपासून मला काम दिलेलं नाही. पोच जपून ठेवा. दाद मागायची तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात हीच पोच कामाला येते.

मग राजीनामा कधीच देऊ नये का? तसं नाही. पुण्यात दुसरी नोकरी पक्की झाली असेल तर सरळ राजीनामा द्या, कारण बेकारीचा भत्ता तुम्हाला लागणारच नाही. मालक भरपाईएवढी किंवा जास्त रक्कम लेखी देत असेल तरी विचार करता येईल, पण त्या रकमेसमोर भत्ता आणि दवाखाना मांडून बघा. सेवा २४० दिवसांचीही नसेल तर दोन रकान्यांत फारसा फरक उरत नाही.

पीएफला लोक बेकारी भत्ता समजतात. तो तुमचाच पैसा आहे, राजीनामा दिला तरी तुमचाच. फक्त पेन्शनच्या भागाला घाईनं हात लावू नका. साडेनऊ वर्षं सेवा झाली की ती दहा धरतात आणि पेन्शनचा हक्क लागतो. जोडाऱ्याचे त्यात सहाच महिने कमी आहेत. पुढच्या नोकरीत तेच खाते चालू ठेवलं तर ते सहज भरतील.

शहराच्या पूर्व भागात चार-सहा माणसांवर चालणाऱ्या मागांवर जे राबतात, ज्यांचा ईएसआय कधी कापलाच गेला नाही, त्यांच्यासाठी दोन्ही योजनांत काही नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असूनही कापत नसतील तर ती तक्रार नोकरी जाण्याआधी करायची असते.

जोडाऱ्यानं त्या रात्री सही केली नाही. सकाळी जाऊन "मला कपातीचं पत्र द्या" एवढंच म्हणाला. दहा दिवस टोलवाटोलवी झाली, मग पत्र आलं. त्यात 'काम उपलब्ध नसल्यामुळे' हे शब्द आहेत आणि तारीखही आहे. पत्राची झेरॉक्स, आधार आणि पासबुक त्यानं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवलंय. येत्या सोमवारी तीस दिवस भरतात.