‘द गिव्हर’ : मिडल स्कूलच्या इंग्रजी निबंधासाठी हे पुस्तक कितपत उपयोगी?

अमेरिकेतल्या मिडल स्कूलमध्ये डिस्टोपियन (वरवर आदर्श, आतून भयाण समाजाच्या) कादंबरीचं युनिट आलं की लोइस लाउरी यांचं ‘द गिव्हर’ वारंवार हाती पडतं. पुस्तक 1993 चं, 1994 चं न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार) मिळालेलं, एकूण 23 प्रकरणांचं. प्रत्येक प्रकरण छोटं. गोष्ट अशा गावाची, जिथे सगळं सारखं आणि शांत ठेवण्यासाठी भूतकाळाच्या आठवणी एकाच माणसाकडे सोपवलेल्या आहेत. बारा वर्षांच्या जोनासची त्या ‘गिव्हर’कडून घेण्यासाठी निवड होते. हे परीक्षण कादंबरी म्हणून नाही, तर सातवी-आठवीच्या वर्गात निबंध लिहून घेण्याचं साधन म्हणून आहे. शेवट सांगितल्याशिवाय ते लिहिता येत नाही, त्यामुळे पुस्तक कोरं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

आधी पातळीबद्दल. लेक्साइल (मजकूर वाचायला किती अवघड हे मोजणारा अमेरिकी आकडा) 760. हा आकडा पाहून पालक म्हणतात, “हे तर चौथी-पाचवीचं पुस्तक!” वाक्यं सोपी आहेत हे खरं, पण लेक्साइल वाक्याची लांबी आणि शब्द मोजतं, आशय मोजत नाही. इथे एका अर्भकाला इंजेक्शन देऊन मारल्याचा प्रसंग आहे, लैंगिक भावना दाबणारी रोजची गोळी लागू होण्याआधीचं पौगंडावस्थेतलं स्वप्न आहे, युद्धात मरणाऱ्या मुलाची आठवण आहे. हुशार पाचवीतलं मूल हे दोन दिवसांत वाचून संपवेल आणि त्याच्या हाती फक्त गोष्ट लागेल. सातवी-आठवी हेच योग्य वय. सहावीत घ्यायचं असेल तर पाचव्या आणि एकोणिसाव्या प्रकरणाबद्दल पालकांना आधी कळवलेलं बरं.

पुस्तकाची खरी ताकद अशी की पुरावा आधी दिसतो आणि त्याचा अर्थ मागाहून कळतो. सातव्या प्रकरणातला समारंभ घ्या. मुख्य एल्डर (गावाच्या प्रमुख) सगळ्या गावासमोर जोनासचा मित्र अॅशरचा बालपणीचा किस्सा रंगवून सांगतात. तीन वर्षांचा अॅशर खाऊ मागताना ‘स्नॅक’ऐवजी ‘स्मॅक’ म्हणायचा आणि प्रत्येक वेळी त्याला छडी बसायची. सभागृह हसतं, वर्गातली मुलंही हसतात. पण त्याच प्रसंगात पुढे आहे की छडीचे वळ पायावर उठू लागले आणि मग काही काळ त्या पोराने बोलणंच सोडलं. पहिल्या वाचनात बहुतेकांच्या नजरेतून ते वाक्य निसटतं. पुस्तक संपल्यावर याच पानावर परत आणलं की निबंधासाठी लागणारी नजर आपोआप तयार होते. समाज क्रूर आहे असं लेखिका कुठेच म्हणत नाही, ती फक्त लोकांना हसताना दाखवते.

रंगांचंही तसंच. जोनासच्या जगात रंग नाहीत हे बाराव्या प्रकरणात उघड होतं. तोवर सफरचंदात ‘काहीतरी बदललं’, मैत्रीण फियोनाच्या केसांत ‘काहीतरी बदललं’ एवढंच येतं. बारावं प्रकरण झाल्यावर मुलांना पहिल्या अकरा प्रकरणांत रंगांची नावं शोधायला सांगा. एक तास लागतो, पण लेखकाने काय वगळलं हासुद्धा पुरावा असतो, हे त्या एका तासात जितकं पटतं तितकं व्याख्यानाने पटत नाही.

म्हणूनच एक प्रचलित पद्धत आम्हाला मुळीच मान्य नाही. पहिल्याच दिवशी ‘डिस्टोपियाची लक्षणं’ असा तक्ता वाटायचा (पाळत, प्रचार, स्वातंत्र्यावर बंधनं) आणि मुलांनी वाचता वाचता त्यावर खुणा करायच्या. तक्ता भरतो, वाचन मरतं. पहिली सहा प्रकरणं हे जग बऱ्यापैकी सुखाचं वाटलं पाहिजे. भूक नाही, भांडण नाही, रात्रीच्या जेवणानंतर घरातला प्रत्येक जण दिवसभरात काय वाटलं ते सांगतो. ते सुख आधी पटलं तरच पुढचा धक्का बसतो. तक्ता द्यायचाच असेल तर तेराव्या प्रकरणानंतर द्या.

वेळेचा हिशोब असा ठेवावा : 45 मिनिटांच्या तासाने आठवड्यात सहा प्रकरणं, म्हणजे चार आठवड्यांत पुस्तक पूर्ण. त्यानंतर निबंधाला किमान सहा तास : एक प्रश्न निवडायला, एक पुरावे गोळा करायला, दोन कच्च्या खर्ड्याला, एक दुरुस्तीला आणि एक शेवटच्या प्रतीला. वाचन लांबतं आणि निबंध दोन तासांत गुंडाळला जातो, हे सर्रास होतं. त्यापेक्षा वीस ते बावीस ही प्रकरणं घरी वाचायला द्यावीत. तेविसावं मात्र वर्गातच वाचावं.

आता मुख्य मुद्दा, निबंधाचा प्रश्न. ‘जोनासचा समाज यूटोपिया की डिस्टोपिया?’ (यूटोपिया म्हणजे आदर्श समाज) हा सर्वांत जास्त दिला जाणारा आणि सर्वांत निकामी प्रश्न. एकोणिसावं प्रकरण वाचल्यावर यूटोपियाची बाजू कोणीच घेत नाही. कॉमन कोअरच्या (अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांचे सामाईक शालेय निकष) सातवीच्या लेखन-निकषात विरोधी बाजूची दखल घेणं अपेक्षित आहे, आठवीत तर आपला दावा विरोधी दाव्यापासून वेगळा करून दाखवायचा असतो. जिथे दुसरी बाजूच नाही तिथे मुलं एक बुजगावणं उभं करतात, “काही लोक म्हणतील की हा समाज चांगला आहे, पण ते चूक आहेत,” आणि निकष पूर्ण झाला असं समजतात.

त्याऐवजी दोन प्रश्न सुचवतो. पहिला : सगळ्या गावाला न विचारता त्यांच्यावर आठवणी लादण्याचा हक्क जोनासला होता का? तो हद्दीबाहेर पळाला की त्याच्याकडच्या आठवणी गावात परत येतात. गावाने त्याची निवड हिरावली म्हणून तो चिडतो आणि शेवटी स्वतःही गावाची निवड हिरावूनच निघतो. जोनासच्या आधी निवडलेल्या रोझमेरीच्या वेळी पाचच आठवड्यांच्या आठवणी परत आल्या तर लोक हादरले होते, हा विरोधी बाजूचा भक्कम पुरावा पुस्तकातच आहे.

दुसरा : जोनासचे वडील दोषी आहेत का? यात मुलं खरंच भांडतात. एकोणिसाव्या प्रकरणात वडील दोन जुळ्यांचं वजन करतात. एक भरतं सहा पौंड, दुसरं पाच पौंड दहा औंस. हलक्याच्या कपाळाच्या शिरेत सुई टोचतात आणि हे सगळं बाळाशी बोबडं, लाडिक बोलत. नंतर मेलेल्या बाळाचा खोका कचऱ्याच्या वाटेने सोडतात आणि टाटा करतात. याआधी घरी विषय निघालेला असताना, बाळाला न्यायला दुसरीकडून कोणी येतं का, याला ते होकार देऊन बसलेले असतात. मग हे खोटं बोलणं की अज्ञान? जोनासच्या नियमांच्या यादीतला आठवा नियम त्याला खोटं बोलायची मुभा देतो. तशीच मुभा सगळ्या मोठ्यांना असेल का, ही शंका त्याला नवव्या प्रकरणातच येते. तीन प्रकरणं, तीन पुरावे, दोन्ही बाजूंना वापरता येतील असे.

लिहिताना कुठे अडतं ते सांगतो. क्लेम-एव्हिडन्स-रीझनिंगचा (दावा, पुरावा, विवेचन) साचा सगळ्यांना पाठ असतो, पण रीझनिंगच्या जागी अवतरणाचाच सारांश येतो : “यावरून दिसतं की वडिलांनी बाळाला मारलं.” ते तर अवतरणातच होतं. इथे प्रश्न विचारायचा की मारताना त्यांचा आवाज लाडिक का आहे. त्याचं उत्तर म्हणजे रीझनिंग. आमचा ठोकताळा असा : अवतरण एका ओळीपेक्षा मोठं नको आणि त्यानंतरचं विवरण अवतरणाच्या निदान दुप्पट हवं. निबंध 500 ते 700 शब्दांचा, परिच्छेद चार किंवा पाच. पाचच हवेत असा हट्ट नको. काळ वर्तमान ठेवायचा, ‘जोनास पळाला’ नाही तर ‘जोनास पळतो’. एमएलए (संदर्भ देण्याची अमेरिकेत रूढ शैली) पद्धतीत पान क्रमांक कंसात येतो आणि पूर्णविराम कंसानंतर. आवृत्त्यांनुसार पानं बदलतात, म्हणून टिपणात प्रकरणाचा आकडाही लिहून ठेवावा.

महाराष्ट्रातल्या शाळेतून तिकडे गेलेल्या मुलांची अडचण थोडी वेगळी असते. त्यांना निबंध म्हणजे वैचारिक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्त असे प्रकार माहीत असतात, सुरुवातीला सुविचार आणि शेवटी संदेश. भाषा चांगली असते, गुण मात्र जातात, कारण पुस्तकातला एकही पुरावा नसतो. अशा मुलाला आधी पुरावे लिहायला लावा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. सुविचार आपोआप गळतो.

सोबतच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. 2014 चा सिनेमा निबंध झाल्यावरच दाखवावा. त्यात जोनास बारा वर्षांचा नाही, बराच मोठा आहे, आणि मेरिल स्ट्रीपची मुख्य एल्डर पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त वेळ दिसते. सिनेमातला प्रसंग निबंधात घुसला की शिक्षकांच्या लगेच लक्षात येतो. पी. क्रेग रसेल यांची 2019 ची ग्राफिक आवृत्ती देखणी आहे, अडखळत वाचणाऱ्याला आधार म्हणून चांगली. पण चित्रात रंग नसल्याचं पहिल्या पानापासून दिसतं, आणि मूळ पुस्तकातली सगळ्यात सुंदर चलाखी तिथेच संपते. मूळ आधी, चित्रं नंतर.

उणिवा आहेत. आठवण पाठीवर हात ठेवून कशी जाते, जोनास हद्दीबाहेर गेला की ती गावात कशी परत येते, याचं स्पष्टीकरण पुस्तक देत नाही. मुलं हे विचारणारच. त्यावर तास घालवू नये. फियोना शेवटपर्यंत पुसटच राहते. आणि तेविसाव्या प्रकरणात जोनास वाचला की बर्फात गारठून मेला, हे लेखिका उघड सांगत नाही. त्यावर निबंध छान होतो, एकच अट : 2004 चं ‘मेसेंजर’ आणि 2012 चं ‘सन’ हे पुढचे भाग पुरावा म्हणून चालणार नाहीत, कारण तिथे उत्तर आयतं मिळतं.

विकत घेताना शाळेतली आवृत्ती विचारून तीच साधी पेपरबॅक घ्या. वाचनालयाची प्रत असेल तर चिकटचिठ्ठ्या दोन रंगांच्या, एक आपल्या बाजूच्या पुराव्याला, दुसरी विरोधी बाजूच्या. सगळं पुस्तक एकाच रंगाने भरलं तर प्रश्न बदला.