नाशिकमधली होम ट्युशन एजन्सी: टीचर एक नंबर, एजन्सी फक्त पहिल्या महिन्यापुरती

मुलगी आठवीला आहे, सीबीएसई, आम्ही राहतो इंदिरानगरला. गणित-सायन्ससाठी घरी येणारं कोणीतरी पाहिजे होतं म्हणून एका एजन्सीकडून टीचर घेतल्या. एजन्सीचं नाव देत नाही कारण बऱ्याच जणांची पद्धत हीच आहे आणि मला त्या पद्धतीबद्दलच बोलायचंय.

आधी टीचरबद्दल. मॅडम एमएस्सी बीएड आहेत आणि खरंच मनापासून शिकवतात. मुलगी समीकरणं सोडवताना अडायची, आम्हाला वाटायचं हिला अल्जेब्रा जमत नाही, मॅडमनी सुरुवातीलाच ओळखलं की हिचे अपूर्णांकच कच्चे आहेत, मग पुस्तक बाजूला ठेवून पाचवी-सहावीचं सगळं परत घेतलं आणि त्यानंतर समीकरणं आपोआप सुटायला लागली. क्लासमध्ये एवढ्या पोरांत हे कोण बघणार? अ‍ॅपवर तर ती व्हिडिओ लावून नुसती बसायची.

आता एजन्सी. पहिला फोन झटपट, डेमो फुकट, गोड बोलणं. टीचरच्या पहिल्या महिन्याच्या फीमधले निम्मे पैसे त्यांनी कमिशन म्हणून घेतले (हे आम्हाला नंतर मॅडमकडून कळलं) आणि मग एक फोन नाही. मॅडम आजारी पडल्या तेव्हा बदली टीचर मागितला तर म्हणे परत रजिस्ट्रेशन करा. पोलीस व्हेरिफिकेशन केलंय का विचारलं तर उत्तरच नाही. घरात सासूबाई असतात म्हणून ठीक, पण ज्यांच्या घरी दुपारी पोरगी एकटीच असते त्यांनी काय करायचं?

माझ्या मते ह्या धंद्याची खरी अडचण इथेच आहे. पहिल्या महिन्यानंतर पालक आणि टीचर आपसात ठरवून घेतात, एजन्सीला पुढे काही मिळत नाही, मग ती लक्ष तरी कशाला देईल. त्यापेक्षा दर महिन्याला थोडं थोडं घ्या ना, पण बदल्यात बदली टीचर द्या, महिन्याला एक टेस्ट घ्या, व्हेरिफिकेशन करा. आम्ही आनंदाने देऊ.

मागणी नाशिकमध्ये भरपूर आहे. बायजूसारखी ऑनलाइन शिकवणीची मोठी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्यानंतर आमच्या ओळखीत तरी वर्षभराचे पैसे एकदम भरायला कोणी तयार नाही. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या गाइडलाइन्समध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरमध्ये घेऊ नका म्हटलंय, पण त्यात कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासपेक्षा जास्त मुलांचं, घरी येणारे टीचर त्यात बसतच नाहीत.

पण हे स्वस्तात होणार नाही हेही समजून घ्या. मुलं शाळेतून येणार चारला, जेवायची वेळ नऊची, त्यात टीचरची तीन नाहीतर चार घरं होतात, आणि एक घर नाशिकरोडला, दुसरं गंगापूर रोडला असलं तर द्वारका आणि मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्येच तास जातो. क्लासवाला तेवढ्याच एका तासात तीस पोरं शिकवतो. त्यात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शिक्षकांना खासगी ट्युशनला बंदी आहे, म्हणजे चांगले टीचर आधीच मोजके. म्हणून एरियानुसार टीचर लावले पाहिजेत. पाथर्डी फाट्याच्या मोठ्या सोसायट्यांत एकाच इयत्तेची तीन-चार मुलं एकत्र बसवली तर पालकांना फी कमी भरावी लागेल आणि मॅडमना जास्त मिळेल, असं करणारं अजून मला तरी कोणी दिसलं नाही.

टीचरला पाचपैकी पाच, एजन्सीला दोन. घेणार असाल तर डेमोच्या दिवशीच आधार कार्ड बघा, बदली टीचरचं लेखी घ्या आणि कमिशन कोण किती देतंय ते टीचरना सरळ विचारा. आणि इंदिरानगर-पाथर्डी साइडला असे सोसायटीतले छोटे ग्रुप कोणी सुरू करत असेल तर नक्की कळवा, आमच्या बिल्डिंगमधूनच चार मुलं तयार आहेत.