माळ्यावरचा ब्लोअर आणि सेल्फ अलाइनिंग बेअरिंग: दहा महिन्यांचा अनुभव

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात पावडर कोटिंगच्या भट्टीचा ब्लोअर माळ्यावर आहे. माळा लोखंडी चॅनेलचा. जड माल चढवला की किंचित खाली बसतो, उतरवला की वर येतो. दोरी लावून शाफ्टची लाईन कितीही जुळवा, चार दिवसांत ती हललेलीच. वर्षात तीन वेळा यूसीपी २०९, म्हणजे ब्लॉकसकट येणारं तयार बेअरिंग, बदलावं लागलं. त्याची बाहेरची रिंग गोलाकार असते, म्हणून ते जुळवून घेईल असं मला वाटायचं. घेतं, पण बसवतानाच. बोल्ट आवळल्यावर चालू मशीनमध्ये शाफ्ट वाकला तर सगळा ताण आतल्या बॉलवर येतो.

नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना १२१० के हे सेल्फ अलाइनिंग, म्हणजे शाफ्टच्या कलण्याशी स्वतः जुळवून घेणारं बेअरिंग, एच २१० स्लीव्ह (शाफ्ट आणि बेअरिंगमधली निमुळती बाही) आणि एसएन ५१० प्लमर ब्लॉक (बेअरिंगचं घर) घातले. बेअरिंगचा बोअर (आतलं भोक) ५० मिमीचा, पण ‘के’ म्हणजे टेपर, निमुळता. स्लीव्हवर बसत असल्याने जुना ४५ चा शाफ्ट तसाच चालला. यात बॉलच्या दोन ओळी असतात आणि बाहेरच्या रिंगची आतली बाजू एकच सलग गोलाकार. त्यामुळे आतली रिंग बॉलसकट दोन-अडीच अंश कलली तरी बेअरिंग अडत नाही. १९०७ मध्ये स्वीडनच्या गोटेनबर्गमध्ये स्वेन विंगक्विस्ट यांनी हे काढलं, तेही कापडगिरणीसाठी. तिथली जमीन चिकणमातीची, ती खचली की लाईनशाफ्ट वाकडे व्हायचे. माझे वडील परळच्या गिरणीत होते, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

खरी कसोटी बसवताना लागते. मी चेकनट (स्लीव्हवरचं नट) जोर लावून ओढत होतो, तर आमचे फिटर काका म्हणाले, “दादा, थांबा. आधी रिंग बघा.” त्यांनी बाहेरची रिंग हाताने फिरवली, मग डावी-उजवीकडे कलवली. फिरताना मोकळी हवी, कलवताना अगदी थोडी जड लागली पाहिजे. आणखी आवळलं तर आतलं क्लिअरन्स (बॉलची मोकळी जागा) संपतं आणि बेअरिंग तापायला लागतं. मग त्यांनी वॉशरची जीभ चेकनटच्या खाचेत वाकवली.

एक चूक माझी झाली. दोन्ही ब्लॉकमध्ये लोकेटिंग रिंगा (बेअरिंगला बाजूला सरकू न देणाऱ्या) घातल्या. भट्टी तापली आणि आवाज चढला. एक मीटरचा शाफ्ट ४० अंशांनी तापला तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांबतो, त्याला सरकायला जागाच नव्हती. पंख्याकडच्या रिंगा काढल्या आणि आवाज गेला.

घेण्याआधी एवढं पाहा: भार हलका आहे का? याच मापाच्या साध्या ६२१० बॉल बेअरिंगपेक्षा १२१० ची भारक्षमता कमी आहे, आणि शाफ्टच्या दिशेने येणारा दाब तर याला फारसा सोसत नाही. म्हणून बेल्टही बेताचाच ताणा. ब्लोअरला हे उत्तम, क्रशरला नको. भार जास्त आणि लाईनही वाकडी असेल तर स्फेरिकल रोलर बेअरिंग (बॉलऐवजी पिंपाच्या आकाराचे रोलर असलेलं) घ्या. २२१० (१२१० सारखंच, पण रुंद) आणि २२२१० (स्फेरिकल रोलर) दोन्ही ५० × ९० × २३ मिमी, त्यामुळे पुढे बदलणंही सोपं जातं.

जादाचं एक बेअरिंग बाजारातून स्वस्तात आणलं, ते डुप्लिकेट निघालं. रिंगवरचा नंबर अंगठ्याने पुसला गेला. तेव्हापासून बिलाशिवाय घेत नाही.

गणपतीच्या सुट्टीत ब्लॉक उघडले. ग्रीस अजून मऊ होतं, बॉलचा मार्ग आरशासारखा. पुसून नवं ग्रीस भरलं, तेही ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच, आणि झाकण लावलं.